स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावायचीय? आधी यादी करा, मग कमांड

सीसीएनए म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या क्लासमध्ये पोर्ट सिक्युरिटीचा धडा एका बैठकीत संपतो. आपल्या इंदूरात भंवरकुआकडच्या कुठल्याही क्लासला जा, सर बोर्डवर पाच-सहा ओळी लिहितात, पॅकेट ट्रेसरमध्ये (सरावाचं खोटं नेटवर्क बनवायचं सॉफ्टवेअर) दोन पीसी जोडतात, तिसरा लावला की पोर्ट बंद, सगळे खूश. मग पोरगं नोकरीला लागतं, पलासियाला नाही तर विजयनगरला कुठल्यातरी ऑफिसात, आणि साहेब म्हणतात की कोणीही येऊन आपला लॅपटॉप लॅनमध्ये खुपसतंय, ते बंद कर. मग त्याच पाच-सहा ओळी तो चालू ऑफिसातल्या चोवीस पोर्टांवर एका झटक्यात टाकतो आणि पुढच्या पाच मिनिटांत फोन सुरू, "भिया नेट नी चल रिया". अशी ऑफिसं मी बरीच बघितलीत. कमांड चुकलेली नसतेच बहुतेक वेळा, कुठल्या पोर्टमागे कोण बसलंय हे माहीत नसतं, घोळ तिथे होतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, नवीन लागलेल्यांसाठी.

एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्यात, स्विचवर त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायच्या. आणि सगळं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० घराण्याला धरून आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या-मध्यम ऑफिसांत तेच जास्त दिसतात. दुसऱ्या कंपनीचा मॅनेज्ड स्विच (ज्यात शिरून सेटिंग करता येतं असा) असेल तर कमांड वेगळ्या पण कल्पना हीच.

१. हे नक्की करतं काय

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक ॲड्रेस असतो. स्विच येणाऱ्या प्रत्येक फ्रेमचा (लॅनवरच्या डेटाच्या पाकिटाचा) सोर्स मॅक, म्हणजे पाठवणाऱ्याचा मॅक, बघतो आणि कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे ते टेबलात लिहून ठेवतो. पोर्ट सिक्युरिटी म्हणजे त्या पोर्टला सांगणं की तुझ्याकडून इतकेच मॅक घेईन, किंवा हेच मॅक घेईन, त्याबाहेरचा आला तर अमुक कर. बस एवढंच.

याने दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे कोणीही उठून आपलं मशीन लावू शकत नाही. दुसरी म्हणजे मॅक फ्लडिंग थांबतं. २९६० च्या टेबलात साधारण ८ हजार मॅक मावतात, एखाद्याने टूल चालवून हजारो खोटे मॅक सोडले की टेबल भरतं आणि मग ज्याचा पत्ता टेबलात नाही अशी फ्रेम स्विच त्या व्हीलॅनच्या (एकाच स्विचमध्ये पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कच्या) सगळ्या पोर्टांवर पाठवायला लागतो, म्हणजे दुसऱ्याचा डेटा तिसऱ्याला दिसू शकतो. पोर्टला दोनच मॅकची मर्यादा असली की हा खेळ पहिल्या सेकंदालाच संपतो.

काय साधत नाही ते शेवटी सांगतो, ते पण साहेबांना आधीच सांगून ठेवा.

२. काय काय जमवून ठेवायचं

स्विच मॅनेज्ड आहे ना हे आधी बघा. टेबलाखाली पडलेला पाच पोर्टांचा प्लास्टिकचा डब्बा असेल तर त्यावर यातलं काहीच होत नाही.

कन्सोल केबल लागेल, आणि लॅपटॉपला सिरियल पोर्ट आता नसतोच म्हणून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर, जेल रोडला कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारा, मिळून जातं, पण घेताना ड्रायव्हर तुमच्या विंडोजवर चालतो का ते तिथेच लॅपटॉपला लावून बघा कारण स्वस्तातल्यांचा ड्रायव्हर नवीन विंडोजवर अडतो. २९६०-एक्स असेल तर मिनी यूएसबी कन्सोल पण असतो. पुट्टीमध्ये (लॅपटॉपवरून स्विचला कमांड द्यायचा प्रोग्राम) स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नन, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नन. एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) चालू असलं तरी कन्सोल केबल जवळ हवीच, कारण स्वतःचाच पोर्ट बंद पडला तर आत शिरायला तोच रस्ता उरतो.

कॉन्फिगचा, म्हणजे स्विचच्या सेटिंगांचा, बॅकअप घ्या. फाइल ठेवायला टीएफटीपी सर्व्हर नसेल तर 'शो रनिंग-कॉन्फिग' चालवून सगळं कॉपी करून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, तारखेसकट.

आणि एक कागद, जो पोरं नेहमी विसरतात. साहेबांचा मेल, की अमुक तारखेपासून अनोळखी मशीन लॅनवर चालणार नाही. हा मेल तुमच्या नावाने नाही, त्यांच्या नावाने सगळ्यांना गेला पाहिजे. नाही तर अकाउंट्सच्या काकूंच्या जावयाचा लॅपटॉप चालला नाही की वाईट तुम्ही होता.

३. यादी, खरं काम इथे आहे

एक साधी शीट उघडा. रकाने असे ठेवा: स्विचचा पोर्ट, पॅच पॅनेलचा (भिंतीतल्या केबल जिथे येऊन संपतात त्या पट्टीचा) नंबर, भिंतीवरच्या सॉकेटचा नंबर, कोण बसतं, काय लावलंय, मॅक किती, मॅक कुठले, शेरा. पॅच पॅनेलवर लेबल नसतील तर आधी ती लावा, एक शनिवार गेला तरी चालेल, ते काम पुढची कित्येक वर्षं पुरतं.

मॅक स्विचकडूनच मिळतात:

शो मॅक ॲड्रेस-टेबल
शो मॅक ॲड्रेस-टेबल इंटरफेस फास्टइथरनेट ०/५

आता यात दोन गोष्टी समजून घ्या. टेबलातला डायनॅमिक मॅक ३०० सेकंद गप्प बसला की स्विच त्याला विसरतो, ही सिस्कोची मूळ सेटिंग आहे. म्हणजे झोपलेला प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, एखादा क्वचित बोलणारा यूपीएसचा कार्ड, हे टेबलात दिसणारच नाहीत आणि तुम्ही समजाल पोर्ट रिकामा आहे. म्हणून यादी करायच्या आधी सगळ्या आयपी रेंजला एकदा पिंग मारून घ्या, म्हणजे झोपलेले पण जागे होतात. दुसरं, एकदाच बघून भागत नाही. सकाळी अकराला बघा, दुपारी चारला बघा, महिन्याच्या अखेरीला बाहेरून सीए येतो त्या दिवशी पण बघा.

आणि सुट्टीच्या दिवशी तर मुळीच करू नका. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंगाची मिरवणूक) निघालेली, ऑफिसला कुलूप, निवांत काम उरकू असं वाटतं, पण त्या दिवशी पीसी बंद असतात, टेबल कोरं असतं, यादी काय कप्पाळ होणार. सुट्टीच्या दिवशी लेबल लावा, केबल आवरा, यादी कामाच्या दिवशीच.

विंडोजच्या मशीनवर मॅक बघायचा तर 'आयपीकॉन्फिग /ऑल' किंवा 'गेटमॅक'. विंडोज तो दोन-दोनच्या जोडीत दाखवतं, ००-११-२२-३३-४४-५५ असा, सिस्कोला चार-चारचे तीन गट लागतात, ००११.२२३३.४४५५ असा. शीटमध्ये पहिल्यापासून सिस्कोच्या पद्धतीनेच लिहा, नंतर शोधताना डोकं फिरत नाही.

यादी करताना एका पोर्टमागे चार-सहा मॅक दिसले तर जाऊन डोळ्यांनी बघा. बहुतेक वेळा टेबलाखाली कोणीतरी डब्बा स्विच लावलेला असतो. कधी व्हर्च्युअल मशीन असतं, डेव्हलपर पोरं व्हर्च्युअलबॉक्स ब्रिज मोडमध्ये चालवतात, मग त्या एका लॅपटॉपमागे दोन-तीन मॅक दिसतात आणि त्यात लबाडी काहीच नसते. यूएसबीवरून लॅन घेणाऱ्या पातळ लॅपटॉपचं उलटं आहे, तिथे मॅक बहुधा त्या कन्व्हर्टरचा असतो, लॅपटॉपचा नाही, आणि ऑफिसात तो कन्व्हर्टर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतो. शीटमध्ये शेरा लिहा.

४. कुठल्या पोर्टला हात लावायचा नाही

अपलिंक, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे, राउटरकडे, फायरवॉलकडे जाणारा पोर्ट. तिथून पलीकडच्या सगळ्यांचे मॅक येतात, तिथे मर्यादा घातली की अख्खा मजला बसतो. अपलिंक कुठला हे आठवणीवर सोडू नका:

शो इंटरफेसेस ट्रंक
शो सीडीपी नेबर्स

ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट. वायफायवरच्या प्रत्येक फोनचा मॅक त्याच पोर्टवर उगवतो. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक लपवून बनावट मॅक देतात, म्हणजे यादी कधी पुरी होतच नाही. वायफायची राखण वायफायच्या कंट्रोलरवर करा, इथे नाही.

इथरचॅनेलमध्ये (दोन-चार केबल मिळून एक लिंक) बांधलेले पोर्ट सोडा, आणि ट्रॅफिक बघायला स्पॅन डेस्टिनेशन केलेला पोर्ट असेल तर तोही, यांच्यावर पोर्ट सिक्युरिटी चालत नाही.

सर्व्हरचे पोर्ट? माझं मत, सर्व्हर रूमला कुलूप असेल तर तिथे सुरुवातीला नकोच. व्हर्च्युअल मशीनं इकडून तिकडे हलतात, त्यांचे मॅक पण हलतात, उगाच आगीशी खेळ.

५. पहिला पोर्ट, आणि तो शेजारचा

एका पोर्टवर करून बघायचं, आपल्या शेजारच्या टेबलावरच्या, जिथे बसणारा तुमच्यावर चिडणार नाही. ज्या पोर्टवरून तुम्ही स्विचमध्ये शिरलाय त्यावर नको, ते कन्सोलवरून करा.

इनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस फास्टइथरनेट ०/५
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक्सिमम १
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी व्हायोलेशन रिस्ट्रिक्ट
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक-ॲड्रेस स्टिकी
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी
एंड

व्हीलॅनचा नंबर तुमचा जो असेल तो. मॅक्सिमम, व्हायोलेशन आणि स्टिकी म्हणजे काय ते पुढे ६, ७ आणि ८ मध्ये येतंच. आता शेवटची ओळ नीट बघा, तिच्यापुढे काहीच नाही, नुसतं 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी'. चालू करणारी ओळ तीच आहे. बाकीच्या सगळ्या टाकल्या आणि ही राहिली तर स्विच एक शब्द तक्रार करत नाही, रनिंग कॉन्फिगमध्ये सगळं छान दिसतं, आणि पोर्ट सताड उघडा. इंटरव्ह्यूला पण हाच प्रश्न येतो.

ती शेवटी का ठेवली? कारण नुसती तीच पहिली टाकली तर स्विच मूळ सेटिंग धरतो, मॅक एकच आणि उल्लंघन झालं की पोर्ट बंद. त्या पोर्टवर फोन आणि पीसी दोन्ही असतील तर तुम्ही पुढची ओळ टाईप करेपर्यंत पोर्ट गेलेला असतो.

'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' विसरलात तर स्विच सांगतो की हा डायनॅमिक पोर्ट आहे, कमांड नाकारली. ट्रंक (बरेच व्हीलॅन नेणारा) की ॲक्सेस (एका व्हीलॅनचा, मशीनसाठीचा) हे जो पोर्ट आपोआप ठरवतो त्याच्यावर हे लागत नाही, आधी त्याला एका बाजूला बसवावं लागतं.

६. मॅक किती ठेवायचे

नुसता पीसी असेल तर १. प्रिंटर, १. टेबलावर सिस्कोचा आयपी फोन आणि फोनच्या मागून पीसी अशी जोडणी असेल तर ३ ठेवा. तीन कसे म्हणाल, तर फोन सुरू होताना त्याला व्हॉइस व्हीलॅन (फोनांसाठीचा वेगळा व्हीलॅन) कुठला हे कळायच्या आधी तो डेटा व्हीलॅनमध्ये पण दिसू शकतो, मग व्हॉइस व्हीलॅनमध्ये दिसतो, म्हणजे एकट्या फोनचे दोन, आणि पीसीचा एक. इथे २ ठेवून बरेच जण फसतात, आठवडाभर नीट चालतं आणि लाईट जाऊन आली की फोन परत सुरू होताना नेमका गोंधळ.

वर म्हटलेला डब्बा स्विच काढता येत नसेल, सॉकेटच कमी आहेत, तर त्या टेबलांवरची मशीनं मोजून तेवढा आकडा ठेवा. वर दोन जास्त असू देत म्हणून ठेवू नका, त्या दोन जागा कोणीतरी भरतंच.

७. उल्लंघन झालं तर काय, तीन पर्याय

प्रोटेक्ट: जास्तीच्या मॅकच्या फ्रेम गुपचूप टाकून देतो. लॉग नाही, मोजणी नाही. मला हा मोड अजिबात आवडत नाही, कारण युजर म्हणतो नेट चालत नाही आणि तुम्हाला स्विचवर काहीच सापडत नाही, सगळा दिवस केबल बदलण्यात जातो.

रिस्ट्रिक्ट: जास्तीच्या फ्रेम टाकतो, लॉगमध्ये ओळ लिहितो, मोजणी वाढवतो. पोर्ट चालूच राहतो आणि आधीच्या ओळखीच्या मशीनचं काम चालूच राहतं.

शटडाउन: पोर्टच बंद, स्थिती एर-डिसेबल्ड. त्या पोर्टमागचे सगळे जातात, फोनसुद्धा. मूळ सेटिंग हीच. व्हॉइस व्हीलॅन असलेल्या पोर्टांसाठी 'शटडाउन व्हीलॅन' असा एक पोटप्रकार पण आहे, त्यात अख्खा पोर्ट न पाडता ज्या व्हीलॅनमध्ये उल्लंघन झालं तेवढाच बंद होतो.

पुस्तकं शटडाउन सांगतात, ऑडिटवाले पण तेच मागतात. मी म्हणेन पहिले निदान दोन आठवडे सगळीकडे रिस्ट्रिक्ट ठेवा. तेवढ्यात लॉग वाचून कळतं की यादीत कोण राहिलंय, कोणाचा लॅपटॉप दोन टेबलांवर फिरतो, ते सगळं दुरुस्त करा, आणि मग रिसेप्शन, गॅलरी, कॉन्फरन्स रूम असे जे बाहेरच्या माणसाच्या हाताला येणारे सॉकेट आहेत त्यांना शटडाउनवर न्या. आतल्या टेबलांना रिस्ट्रिक्ट राहिलं तरी काही बिघडत नाही.

८. स्टिकी की हाताने

हाताने म्हणजे प्रत्येक पोर्टवर मॅक स्वतः टाईप करायचा:

स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक-ॲड्रेस ००११.२२३३.४४५५

चार-सहा महत्त्वाच्या मशीनांना ठीक आहे. बाकीच्यांना स्टिकी, म्हणजे पहिला जो मॅक दिसेल तो स्विच आपणच पकडून रनिंग कॉन्फिगमध्ये लिहितो.

पण रनिंग कॉन्फिगमध्ये लिहितो, स्टार्टअपमध्ये नाही! सेव्ह केलं नाही आणि स्विच रीस्टार्ट झाला तर शिकलेलं सगळं गेलं, आणि लाईट आल्यावर त्या पोर्टवर जो पहिला बोलेल तो मालक. उन्हाळ्यात लाईट जाते आणि छोट्या ऑफिसात स्विच यूपीएसवर नसतोच कित्येकदा. म्हणून मॅक पकडले गेलेत हे बघून लगेच:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

स्टिकी आंधळा आहे हे पण लक्षात असू द्या. त्या क्षणी जो लावलेला असेल त्यालाच तो घरचा समजतो. ज्याला अडवायचंय त्याचाच लॅपटॉप तेव्हा लावलेला असेल तर त्यालाच कायमचा पास मिळाला. यादी आधी करायला लावली ती यासाठीच, स्टिकीने पकडलेले मॅक आणि तुमच्या शीटमधले मॅक एकेक ताडून बघायचे, मग सेव्ह.

कॉन्फरन्स रूमला स्टिकी लावू नका. तिथे नुसतं मॅक्सिमम १ ठेवा, केबल काढली की डायनॅमिक मॅक आपोआप पुसला जातो आणि पुढच्याला जागा होते. मध्ये फोन किंवा छोटा स्विच असेल तर लिंक तुटत नाही, मॅक तिथेच अडकून बसतो, तेव्हा एजिंग लागतं:

स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी एजिंग टाइम १०
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी एजिंग टाइप इनॲक्टिव्हिटी

म्हणजे दहा मिनिटं गप्प राहिला की नाव पुसलं. एजिंग स्टिकीवर चालत नाही, दोन्ही एकत्र टाकून वाट बघत बसू नका.

९. झालं का ते बघणं

शो पोर्ट-सिक्युरिटी
शो पोर्ट-सिक्युरिटी इंटरफेस फास्टइथरनेट ०/५
शो पोर्ट-सिक्युरिटी ॲड्रेस

दुसरीत पहिली ओळ इनेबल्ड आणि पोर्टची स्थिती सिक्युअर-अप हवी. खाली शेवटचा सोर्स मॅक आणि उल्लंघनांची मोजणी असते, तक्रार आली की पहिले इथेच बघायचं. साध्या मॅक टेबलात आता हे मॅक स्टॅटिक म्हणून दिसतील, त्याने घाबरू नका, तसंच असतं.

मग आपला लॅपटॉप त्या सॉकेटला लावून खरंच अडतो का ते बघा. एसएसएचवरून आत असाल तर लॉगच्या ओळी स्क्रीनवर येत नाहीत, त्यासाठी 'टर्मिनल मॉनिटर' टाका. स्विचचं घड्याळ पण लावून घ्या, नाही तर लॉगमध्ये १९९३ सालची मार्च महिन्यातली तारीख दिसते आणि कोण कधी आलं काही कळत नाही.

१०. मग बाकीचे पोर्ट

एक-दोन दिवस पहिला पोर्ट नीट चालला की मग रेंज:

इंटरफेस रेंज फास्टइथरनेट ०/६ - १२

पुढे त्याच ओळी. सगळे एकदम नाही, एक विभाग एका दिवशी, आणि यादीत ज्यांचा आकडा सारखा आहे त्यांचीच रेंज करा. फोनवाले वेगळे, नुसते पीसीवाले वेगळे. सोमवारी सकाळी नको, पगाराच्या आदल्या दिवशी तर नकोच नको.

जे पोर्ट खरंच रिकामे आहेत त्यांना पोर्ट सिक्युरिटी कशाला, ते बंदच करा, 'शटडाउन', आणि ज्याला कुठेच वाट नाही अशा एखाद्या व्हीलॅनमध्ये टाकून द्या. फुकट आणि सगळ्यात पक्का उपाय.

११. पोर्ट बंद पडला, फोन आला

शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड

इथे कारणाच्या रकान्यात पीसिक्योर-व्हायोलेशन दिसलं तर ते पोर्ट सिक्युरिटीनेच बंद केलंय. दुसरं कारण असेल तर हा लेख बाजूला ठेवा.

आधी जाऊन बघा काय लावलंय, ते काढा, मग पोर्टवर 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन'. क्रम उलटा केलात, म्हणजे मशीन तसंच ठेवून पोर्ट उघडला, तर तो लगेच परत बंद होतो आणि लोक समजतात स्विच खराब झाला.

आपोआप उघडायची सोय पण आहे:

एरडिसेबल रिकव्हरी कॉज पीसिक्योर-व्हायोलेशन
एरडिसेबल रिकव्हरी इंटरव्हल ३००

३०० सेकंद ही मूळ सेटिंगच आहे, ३० पासून ८६४०० पर्यंत ठेवता येतं. तुम्ही इंदूरला आणि ब्रँच देवासला, तिथे हात लावायला कोणी नाही, अशा ठिकाणी हे कामाचं आहे. जिथे तुम्ही स्वतः बसता तिथे नको, कारण पोर्ट आपणच उघडला की कोणी काय लावलं होतं हे बघायला कोणी उठतच नाही.

१२. टेबल बदललं की

हा प्रसंग सगळ्यात जास्त येतो, विशेषतः दिवाळीच्या आधी साफसफाईत टेबलं इकडची तिकडे होतात तेव्हा. पाच नंबरवरचा पीसी बारा नंबरवर नेला, दोन्ही पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये, दोन्हींवर पोर्ट सिक्युरिटी. बारावर जागा रिकामी असली तरी उल्लंघन होतं, कारण हा मॅक पाच नंबरच्या नावाने बांधलेला आहे आणि एकाच व्हीलॅनमध्ये तो दुसऱ्या सुरक्षित पोर्टवर दिसणं हेच उल्लंघन. हाताने टाईप करायला गेलात तर डुप्लिकेट मॅक आहे म्हणून नकार येतो. आधी जुन्या जागेवरून सोडवा:

क्लिअर पोर्ट-सिक्युरिटी स्टिकी इंटरफेस फास्टइथरनेट ०/५

मग बारावरचा जुना पण सोडवा, मशीन लावा, नवीन मॅक पकडलाय का बघा, सेव्ह करा, शीटमध्ये बदल करा. शीटमधला बदल राहिला की तीन महिन्यांत शीट आणि स्विच दोघं वेगवेगळं बोलायला लागतात.

काही जण घाईत 'नो स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी' टाकतात, वाटतं सगळं साफ झालं. साफ होत नाही, बाकीच्या ओळी आणि पकडलेले स्टिकी मॅक तिथेच राहतात, पुन्हा चालू केलं की जुने मॅक हजर. पोर्ट अगदी कोरा करायचा तर कॉन्फिग मोडमध्ये 'डिफॉल्ट इंटरफेस फास्टइथरनेट ०/५', पण याने व्हीलॅन पण जातो, तो परत टाकावा लागेल.

१३. साहेबांना काय सांगायचं

ते विचारतील, आता कोणी घुसू शकत नाही ना? खरं उत्तर द्या. मॅक ॲड्रेस बदलणं अवघड नाही, विंडोजमध्ये बऱ्याच कार्डांना ते सेटिंगमधूनच होतं. कोणी प्रिंटरच्या खालचं स्टिकर वाचलं, प्रिंटरची केबल काढली आणि तोच मॅक आपल्या लॅपटॉपला दिला तर स्विचला तो प्रिंटरच वाटेल. घरचा वायफाय राउटर कोणी आणून लावला आणि केबल त्याच्या वॅन पोर्टला दिली तर स्विचला एकच मॅक दिसतो, राउटरचा, मागे दहा फोन असले तरी. बहुतेक राउटरांत पीसीचा मॅक क्लोन करायचं बटण पण असतं, मग तर पोर्ट सिक्युरिटी तिथे गपगार. असा राउटर कोणी उलटा, लॅन पोर्टमध्ये लावला आणि तो आपले आयपी वाटायला लागला तर त्यासाठी डीएचसीपी स्नूपिंग (आयपी कोण वाटतंय यावर स्विचची नजर) लागतं, ते याच स्विचवर होतं. आणि माणूस कोण हे खरंच तपासायचं असेल तर ८०२.१एक्स, त्याला रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा) लागतो, प्रत्येक पीसीवर सेटिंग लागते, खर्च आणि वेळ दोन्ही जास्त.

क्रम विचारतील तर असा सांगा: आत्ता पोर्ट सिक्युरिटी, महिनाभराने डीएचसीपी स्नूपिंग, आणि ८०२.१एक्सचं पुढच्या वर्षीच्या बजेटात बघू. स्नूपिंगच्या आधी डीएचसीपी सर्व्हर कुठल्या पोर्टमागे आहे ते शीटमध्ये ठळक करून ठेवा, त्या बाजूचा पोर्ट आणि स्विचेसमधले अपलिंक ट्रस्टेड करावे लागतात, नाही तर सगळ्यांचे आयपी मिळणं बंद.